अठरा तास अभ्यास आणि बाबासाहेबांची तब्येत

एप्रिल महिना लागला की परभणी शहरात, पूर्णा, जिंतूर, गंगाखेड, सेलूकडच्या वस्त्यांत, विहारांत आणि अभ्यासिकांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम सुरू होतात. सकाळी सहाला वंदना होते, पोरं-पोरी पुस्तक उघडून बसतात आणि मध्यरात्री उठतात. उपक्रम चांगला आहे. डीजेपुढे नाचून जयंती साजरी करण्यापेक्षा कितीतरी चांगला. अडचण त्या एका दिवसाची नाही, उरलेल्या वर्षाची आहे.

जिल्ह्यातल्या युवक-युवतींसोबत काम करताना एक गोष्ट सारखी दिसते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं तास मोजतात. आज किती झाले, दहा की बारा? अठरा तर झालेच नाहीत, म्हणजे आपण कमी पडलो. मग झोप कापायची, जेवण वडापाववर मारायचं, जागं राहण्यासाठी टपरीचा चहा आणि त्यासोबत पुडी. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. महिन्या-दोन महिन्यांनी सर्दी-खोकला, ताप, तोंडात फोड, पोट बिघडणं सुरू होतं. आठवडाभर अंथरुणात गेला की अभ्यासाची लय तुटते, आणि लय तुटली की मन खचतं. बाबासाहेब तर अठरा तास बसायचे, आपल्याला का जमत नाही, हा प्रश्न मग त्या पोराला आतून खात राहतो.

बाबासाहेबांची विद्वत्ता आपण सांगतो, संघर्ष सांगतो. त्यांच्या शरीराची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ती इथे सांगायची आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे भीमराव जन्मले. सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांचं ते चौदावं अपत्य. चौदांपैकी जगले फक्त पाच. तीन मुलगे, दोन मुली. लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापकी केलेल्या माणसाच्या घरातली ही स्थिती, मग गावकुसाबाहेरच्या घरांची काय असेल याची कल्पना करा. भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना आई गेली. पाठीला बाक आलेल्या मीराआत्यानं त्यांना वाढवलं.

या घरात एक गोष्ट होती जी त्या काळच्या अनेक घरांत नव्हती. शिस्त. रामजी कबीरपंथी होते. घरात दारूला थारा नव्हता. पहाटे आणि संध्याकाळी भजन, पाठांतर चुकायचं नाही. मुलांनी ठरलेल्या वेळी उठायचं, ठरलेल्या वेळी बसायचं. पुढे बाबासाहेबांनी तो पंथ मागे सोडला, पण दारू-तंबाखूपासून दूर राहण्याची सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. इंग्लंड-अमेरिकेत राहिले, बड्या लोकांच्या मेजवान्यांत बसले, केंद्रात मंत्री झाले, तरी ना प्याला हाती घेतला ना सिगारेट. आपल्याकडे पंचशीलातलं पाचवं शील आणि बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ असते. ती लिहिणाऱ्या माणसानं ती आधी पासष्ट वर्षं जगून दाखवली होती.

साताऱ्याच्या शाळेत भीमाला स्वतःच्या हातानं नळ उघडता येत नसे. शिपाई आला तर पाणी, नाही आला तर तहान. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला तो भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर बैलगाडी मिळायला संध्याकाळ झाली. सोबत डबे भरून अन्न होतं, पण रात्रभर प्यायला पाणी कुणी दिलं नाही. पाण्यावाचून घास उतरेना म्हणून मुलं अन्न जवळ असूनही उपाशी झोपली. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि निर्धास्त झोप या तीन गोष्टींना आपण आरोग्याच्या सवयी म्हणतो. भीमाच्या लहानपणी या तिन्हींवर जातीचा पहारा होता. म्हणून आरोग्याचा विषय निघाला की तो फक्त वैयक्तिक शिस्तीचा आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण सगळाच दोष व्यवस्थेवर टाकून हात झटकणंही बाबासाहेबांच्या वाटेत बसत नाही.

प्रेरणेबद्दल मुलं फार विचारतात. मोटिव्हेशन कुठून आणायचं, कुठला व्हिडिओ बघायचा? बाबासाहेबांच्या बाबतीत ती कुठून आली, ही हकिगत मजेशीर आहे. वडिलांनी दुसरं लग्न केलं हे त्या पोराला रुचलं नव्हतं. आपलं आपण कमवायचं, मुंबईला जाऊन गिरणीत लागायचं, असं त्यानं ठरवलं. सातारा स्टेशनवर त्यानं हमालीही केली. भाड्याच्या पैशांसाठी आत्याच्या कमरेची पिशवी रात्री चोरायचं ठरलं. तीन रात्री जमलं नाही, चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर आत निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नव्हती. तेव्हा त्यानं ठरवलं की लवकर शिकून लवकर पायावर उभं राहायचं, आणि तोपर्यंत अभ्यासाकडे काणाडोळा करणारा हा मुलगा बदलला. कुठलं भाषण नाही, कुठला साक्षात्कार नाही. एक फसलेली चोरी, आणि त्यानंतर रोजचं बसणं.

रोजचं बसणं मुंबईत आकाराला आलं. परळच्या चाळीत एकच खोली, तिच्यात संसार, चूल, जळण, सगळं. भीमराव झोपायचे त्या जागी उशाशी जातं आणि पायाशी बांधलेली शेळी. गर्दीमुळे संध्याकाळी अभ्यास शक्य नव्हता. रामजींनी तोड काढली. मुलाला रात्री लवकर झोपवायचं आणि पहाटे दोनला उठवायचं. त्या वेळेपर्यंत रामजी स्वतः जागे राहत, मुलगा उठला की मग आडवे होत.

इथं थांबून नीट बघा. अठरा तासांच्या गोष्टीत हा भाग कधी येत नाही. पहाटे दोनला उठणाऱ्या मुलाला आधी झोपवलेलं असायचं. बाप झोपेचा हिशेब ठेवत होता. अभ्यासाची वेळ बदलली होती, झोप रद्द केली नव्हती. आणि संध्याकाळी हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत मोकळ्या हवेवर वाचत बसायचा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर याच केळूसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं. पुढे नागपूरला जे घडलं त्याचा एक धागा त्या बागेपर्यंत जातो.

१९१३ साली बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड मिळत, त्यातून घरीही पैसे पाठवायचे. पहिले काही महिने नव्या जगाच्या मौजेत गेले, हे त्यांचे चरित्रकार सांगतात. नंतर त्यांनी स्वतःला आवरलं आणि दिवसाचे अठरा तास कामाला जुंपलं. तिथून पुढे लंडन. १९२० मध्ये ते दुसऱ्यांदा लंडनला गेले तेव्हाचा दिनक्रम अंगावर येतो. घरमालकिणीकडचा नाश्ता म्हणजे पावाचा तुकडा, थोडा मासा किंवा मुरंबा आणि एक कप पेय. मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, दार उघडण्याच्या वेळेला हजर. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत आणि उठायला वेळही नाही. एकदा टेबलाशीच सँडविच खाताना पकडले गेले आणि बोलणी खाल्ली. संध्याकाळी परत आलं की पुन्हा वाचन. रात्री दहाच्या सुमाराला भूक असह्य झाली की मुंबईहून आलेले पापड पत्र्यावर भाजायचे, सोबत कपभर गरम काहीतरी. मग पहाटेपर्यंत पुस्तक. खोलीतला सोबती अस्नोडकर रात्री जाग आल्यावर झोपायला विनवायचा. बाबासाहेब त्याला समजावत की आपल्याजवळ ना पैसा आहे ना वेळ, शिक्षण लवकरात लवकर संपवणं भाग आहे.

हे अठरा तास छंदाचे नव्हते. शिष्यवृत्तीची मुदत संपत होती, कर्ज वाढत होतं, घरी चूल पेटत होती की नाही याची खात्री नव्हती. त्या माणसानं जे केलं ते नाइलाजानं केलं, आणि त्याचं मोल शरीरानं चुकवलं. आजच्या मुलानं तेच मोल कारण नसताना चुकवावं, याला अनुकरण म्हणता येणार नाही.

आणि ते मोल एकट्या बाबासाहेबांनी चुकवलं का? समाजशास्त्र शिकताना मला हा प्रश्न सर्वांत जास्त छळत आला. लंडनमध्ये ते पापडावर रात्र काढत होते तेव्हा मुंबईत रमाई त्याहून कमी खात होत्या. नवरा परदेशी, हाताशी पैसा नाही, घरात मुलं. पाच अपत्यांपैकी यशवंत जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न लहानपणीच गेले. राजरत्न १९२६ मध्ये न्यूमोनियानं गेला, त्या धक्क्यातून बाबासाहेब फार दिवस सावरले नाहीत. रमाईंची तब्येत त्या उपासमारीतून आणि बाळंतपणांतून कधी उभी राहिलीच नाही. २७ मे १९३५ रोजी त्या राजगृहात गेल्या. वय सदतीस. अठरा तासांच्या अभ्यासाचा पाया या बाईच्या रक्तामांसाचा होता.

ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या घरात भावाच्या अभ्यासासाठी ताट वाढून शेवटी उरलंसुरलं खाणारी बहीण आजही आहे. तिलाही परीक्षा द्यायची असते.

आता महाडकडे येऊ. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्याआधीच्या भाषणात बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळेपाके मागून आणलेले तुकडे सोडण्याचं आवाहन केलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी स्त्रियांशी वेगळा संवाद केला. स्वच्छ राहा, नीटनेटकं लुगडं नेसा, घरात मेलेलं मांस शिजू देऊ नका, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला-मुलाला जेवू घालू नका, मुलींना शिकवा, असा त्याचा आशय होता. आपण हे सगळं अस्मितेचं भाषण म्हणून वाचतो आणि ते तसं आहेच. पण ते आरोग्याचंही भाषण आहे. गावोगाव लोकांनी ते मनावर घेतलं. आपल्या मराठवाड्यातल्या कित्येक घरांत आजीच्या तोंडून ती हकिगत ऐकायला मिळते. एका पिढीनं ताटातला पदार्थ बदलला, ठरवून, एकमेकांच्या आधारानं. सवय एकट्यानं बदलणं जड जातं, वस्तीनं मिळून बदलली तर टिकते. याचा यापेक्षा मोठा पुरावा मला तरी दुसरीकडे सापडत नाही.

१९२९ च्या ऑक्टोबरात चाळीसगावला अपघात झाला. अस्पृश्याला टांग्यात बसवून नेण्यास टांगेवाला तयार नव्हता, म्हणून वस्तीतल्याच एका सवय नसलेल्या माणसानं टांगा हाकला. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाचं हाड मोडलं. बरेच दिवस त्यांना चालता आलं नाही.

त्यानंतरची दोन दशकं म्हणजे गोलमेज परिषदा, पुणे करार, निवडणुका, मजूरमंत्रीपद, ग्रंथलेखन. या सगळ्याची उजळणी इथं करत नाही, वाचकांना ती पाठ आहे. फक्त एवढं लक्षात घ्या की या सगळ्या कामात माणूस बसलेला आहे. टेबलाशी, कोर्टात, सभागृहात, रेल्वेच्या डब्यात. राजगृहात हजारो ग्रंथांच्या मधे पहाट व्हायची. बाग फुलवणं, कुत्री पाळणं, उतारवयात व्हायोलिन शिकणं, असे विसाव्याचे छंद त्यांनी जोपासले. पण झोपेचं जुनं कर्ज फिटत नव्हतं.

मधुमेह झाला. त्याच्या जोडीला रक्तदाब. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती नसांना इजा करते. पायांत आग होते, टाचण्या टोचल्यासारखं होतं, रात्री जास्त. बाबासाहेबांच्या पायांचं दुखणं याच जातीचं होतं. रोगाशी लढण्याची ताकदही मधुमेहात घटते. जखम लवकर भरत नाही, संसर्ग लवकर धरतो, आणि क्षयरोगाचा धोका दोन-तीन पटीनं वाढतो. इन्सुलिनचा शोध लागला तो १९२१-२२ मध्ये, टोरांटोला, म्हणजे बाबासाहेब लंडनला पापडावर रात्र काढत होते त्याच काळात. पंचवीस वर्षांनी तेच इन्सुलिन त्यांना रोज टोचून घ्यावं लागलं. मधुमेह फक्त जागरणानं होतो असं कुणी म्हणू नये. अनुवंश असतो, आणि पिढ्यांचं कुपोषणही असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी आसपासच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात दिसलं की आपल्याकडची बाळं वजनानं कमी जन्मतात, तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, आणि पुढे मधुमेहाचा धोका तिथूनच सुरू होतो. आई उपाशी राहिली की लेकराच्या रोगाची मुळं पोटातच रुजतात. ज्यांच्या घराण्यात उपासमार आहे त्यांनी झोप आणि व्यायाम जास्त सांभाळायला हवा, उलट नव्हे.

१९४७ च्या ऑगस्ट अखेरीस मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. नेमकी हीच वेळ तब्येत कोसळण्याची. पायांच्या वेदनांनी रात्र रात्र डोळा लागत नव्हता. उपचारासाठी ते मुंबईला डॉ. मालवणकरांकडे येत, तिथंच डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. इन्सुलिन, पथ्य, औषधांच्या वेळा सांभाळणारं माणूस घरात हवं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला आणि डॉ. शारदा कबीर माईसाहेब झाल्या. माईसाहेबांबद्दल आपल्या चळवळीत पुष्कळ कडवटपणा राहिला. पण एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. जेवणाचं पथ्य, इंजेक्शन, औषध यांची घडी त्या घरात आधी नव्हती, ती त्यांनी बसवली. त्यानंतर साडेआठ वर्षं बाबासाहेब आपल्याला मिळाले. संविधान त्या वर्षांत पूर्ण झालं, बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा ग्रंथ त्या वर्षांत लिहिला गेला, दीक्षाही त्याच वर्षांत.

५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णम्माचारींनी संविधान सभेत सांगितलं की समितीतल्या सात जणांपैकी कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी परदेशी, कुणी दिल्लीपासून दूर, आणि मसुद्याचा भार शेवटी डॉ. आंबेडकरांवर पडला. हे विधान आपण अभिमानानं सांगतो. ते बाबासाहेबांची तब्येत समोर ठेवून पुन्हा वाचा. सात जणांचं काम एका आजारी माणसाच्या खांद्यावर आलं होतं. आपल्या संघटनांत आजही हेच चालतं. कार्यकारिणीत पंधरा नावं, राबणारा एक. २०२४ च्या डिसेंबरात परभणीत जे घडलं आणि त्यानंतर मुंबईकडे जो लाँग मार्च निघाला, त्या सगळ्या काळात इथले किती कार्यकर्ते धड जेवले-झोपले होते, हे त्यांच्या घरच्यांना विचारा. कामाची पाळी लावणं, एकाला घरी पाठवून दुसऱ्यानं बसणं, यात चळवळीशी बेइमानी कसली?

१० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवलं की आपल्या प्रकृतीची आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते, उपचारांच्या स्वाधीन होण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागलेलं बघायचं आहे. बिल रखडलं. सप्टेंबरात राजीनामा दिला, आणि देताना हेही स्पष्ट केलं की आजार हे राजीनाम्याचं कारण समजू नये. दुखण्याची ढाल त्यांनी कधी पुढे केली नाही.

हाच तो काळ जेव्हा त्यांचं लक्ष आपल्या मराठवाड्याकडे होतं. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू झालं, तेच पुढे मिलिंद. परिसराला नागसेनवन नाव मिळालं. परभणीकडची कितीतरी पोरं तिथल्या वसतिगृहात राहून शिकली. वसतिगृह म्हणजे नुसतं छप्पर नसतं. वेळेवर दोन घास, वेळेवर दिवा मालवणं, सोबतीला बरोबरीची मुलं. परळच्या खोलीत रामजींनी एका मुलासाठी जी घडी बसवली होती, ती इथं शेकडो मुलांसाठी बसली.

आजच्या अभ्यासिकांना हीच घडी हवी आहे. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, किशोरवयात आठ ते दहा. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडून एक प्रयोग झाला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. दिवसभर वाचलेलं पक्कं होतं तेही झोपेतच. खाण्यासाठी बाजारातली महागडी पावडर आणि इम्युनिटीचे डबे लागत नाहीत. आपला जिल्हा ज्वारीचा. इथल्याच कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये परभणी शक्ती नावाचं ज्वारीचं वाण दिलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. लोह रक्तासाठी, जस्त रोगप्रतिकारासाठी. भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, हिरवी भाजी, जमलं तर अंडं, आणि वर लिंबू पिळलं की भाजीतलं लोह अंगी लागतं. पोलीस भरतीची मुलं पहाटे मैदानावर सोळाशे मीटर धावतात. अधिकारी व्हायचंय म्हणणारी मुलं मात्र त्याच वेळी मोबाईल उशाशी घेऊन नुकती झोपलेली असतात. दोघांनी एकत्र धावायला काय हरकत आहे? ताप-खोकला दोन आठवडे हटला नाही तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, फुकट होते.

सिद्धार्थ गौतमानं उपाशी राहून देह वाळवून बघितला होता. हाडांचा सापळा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की दुबळ्या शरीरात विचार करण्याचंही बळ उरत नाही. सुजातेची खीर त्यानं घेतली ती त्यानंतर. बाबासाहेबांनी ही कथा आपल्या ग्रंथात लिहिली, त्या वेळी त्यांचा स्वतःचा देह खंगत चालला होता. १९५४ च्या जून ते ऑक्टोबरपर्यंत ते अंथरुणाला खिळून होते, नजर मंदावली होती. तरी त्याच डिसेंबरात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात व्यासपीठावर आले ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर टेकून. लाखो लोकांना उभ्या आयुष्याची दिशा देणाऱ्या त्या सकाळी त्यांना आधाराशिवाय उभं राहणं कठीण होतं. नोव्हेंबरात काठमांडूला जाऊन बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले.

त्याच विषयावरचं पुस्तक अपुरं राहिलं. प्राचीन भारतातल्या क्रांती-प्रतिक्रांतीवरचं लेखनही अपुरं राहिलं, ते लोकांपुढे यायला १९८७ साल उजाडलं. रिपब्लिकन पक्ष त्यांच्या मागे स्थापन झाला आणि त्याचं पुढे काय झालं हे आपण बघतोच आहोत. पासष्ट हे काही जाण्याचं वय नव्हतं. आणखी दहा वर्षं मिळाली असती तर मराठवाड्यातल्या गावागावांत धम्म कसा पोचला असता, हा प्रश्न मला बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरच्या घरात त्यांनी थोडासा भात खाल्ला. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं पुन्हा नजरेखालून घालण्यासाठी त्यांनी बिछान्याजवळ मागवून घेतली. सकाळी ते उठले नाहीत. १६ डिसेंबरला मुंबईत धम्मदीक्षेचा मोठा समारंभ ठरला होता, त्यासाठी ते येणार होते. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना दीक्षा दिली, आणि मुंबईच्या लोकांची दीक्षा त्यांच्याविना झाली.